पाणी, गोष्टी आणि मुलं : 'पाणी वाचवा'च्या पाटीपलीकडे तुम्ही काय सांगता?

रानजाई

सहा ते दहा वर्षांच्या मुलांना मी सुट्टीच्या दिवशी गोष्टी सांगते. उन्हाळा लागला की कुठून तरी 'पाणी वाचवा'वरची चित्रकला स्पर्धा येतेच. मग सगळी चित्रं एका साच्यातली. एक नळ, त्याला लोंबणारा डोळेवाला थेंब, थेंबाच्या डोळ्यांत पाणी (पाण्याच्याच डोळ्यांत पाणी!), खाली तडे गेलेली जमीन. बक्षीस घेऊन आलेला मुलगा हात धुताना नळ सोडून गप्पा मारत उभा. उत्तर पाठ आहे, पाण्याशी ओळख म्हणून नाही.

म्हणून हल्ली स्पर्धेला फाटा देऊन आदिवासी समाजांतल्या पाण्याच्या गोष्टी सांगायला घेतल्यात. दोन छान जमल्या.

एक ऑस्ट्रेलियातली, आग्नेयेकडच्या गिप्सलँड भागातली. टिड्डालिक नावाचा अजस्र बेडूक एके दिवशी तहानेने व्याकूळ होतो आणि पीत सुटतो. डबकी, ओढे, नद्या, सगळं पोटात. बाकी प्राणी तहानेने तडफडायला लागतात. याला हसवलं तरच पाणी बाहेर येईल, असं ठरतं. एकेक जण येऊन माकडचेष्टा करतो, बेडूक ढिम्म. शेवटी ईल मासा वेडेवाकडे वेटोळे घेत नाचतो आणि बेडकाला हसू फुटतं. पाणी धो धो बाहेर.

मी एका मुलाला बेडूक केलं, गाल फुगवून बसवलं आणि बाकीच्यांना म्हटलं, हसवा. अर्धा तास नुसता धिंगाणा. नंतर शांत झाल्यावर एक मुलगी म्हणाली, "पण त्याला मारून पाणी का नाही काढलं?" त्यावर जी चर्चा झाली ती मी घडवून आणू शकले नसते. एकाने सांगितलं, मारलं तर पुढच्या वेळी कुणीच पाणी परत देणार नाही.

दुसरी गोंडांची सृष्टीकथा. सुरुवातीला सगळीकडे पाणीच पाणी. त्यांचा देव बडादेव अंगच्या मळापासून कावळा घडवतो आणि माती शोधायला पाठवतो. उडून उडून दमलेला कावळा पाण्याबाहेर आलेल्या एका खुंटावर टेकतो, तर ती निघते खेकड्याची नांगी. माती गिळून बसलंय तळाशी गांडूळ. खेकडा त्याला पकडतो, दाबतो आणि माती ओकायला लावतो. मग कोळी पाण्यावर जाळं विणतो, त्यावर माती पसरते आणि जमीन तयार होते. पावसात बाहेर आलेलं गांडूळ बघून किंचाळणारी आमच्यातली एक कन्यका आता त्याच्याशी खाली वाकून बोलते.

तर प्रश्न असे : अशा आणखी कुठल्या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत? चित्रं काढून घ्यायची तर कशी? आणि गोष्ट संपल्यावर "म्हणून मुलांनो..." हे जे तोंडात येतंच, ते कसं गिळायचं?

---

कुंचला

वा, मस्त धागा. चित्रांबद्दल मी बोलते.

मुलांना वारली चित्र म्हटलं की दोन त्रिकोण जोडून माणूस काढायला शिकवतात आणि संपलं. खरं बघण्यासारखं पुढेच आहे. शेणामातीने सारवलेली, गेरूची भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं आणि बांबूची काडी चावून केलेला कुंचला. एकच रंग. पाण्याला निळा नाहीच! मग पाणी दिसतं कशावरून? मासे आहेत म्हणून. खेकडा आहे, जाळं आहे, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची रांग आहे म्हणून. पाणी कधी एकटं नसतं तिथे.

जिव्या सोमा मशे (डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे, २०११ साली पद्मश्री, २०१८ मध्ये गेले) यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं मिळाली तर मुलांना जरूर दाखवा. सगळा कागद व्यापणारं बारीक विणीचं जाळं, त्याच्या आत-बाहेर मासे. मोठी माणसंही त्यापुढे खिळून राहतात. त्यांच्या आधी हे काम बायकांचं होतं. लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहीत. हो, तिकडे चित्र 'लिहितात'.

तेव्हा "पाण्याचं चित्र काढा" असं सांगू नका. सांगा की पाण्यापाशी कोण कोण येतं ते काढा, सकाळपासून रात्रीपर्यंत, आणि निळा रंग वापरायचा नाही. निळा काढून घेतला की मुलं विचार करायला लागतात. एकाने माझ्याकडे टाकीवर चढलेला प्लंबर काढला होता. उत्तम चित्र होतं.

---

तर्कट

छान छान प्रतिसादांत मिठाचा खडा टाकतो.

बेडकाची गोष्ट ऐकून नळ बंद होतो का? वाहत्या नळाखाली दात घासू नकोस, मगात पाणी घे, हे सांगायला बडादेवाची काय गरज? बादलीवर खुणा करा, रोज मोजा, आकडा भिंतीवर लिहा. मुलांना आकडे आवडतात. सवय लागते ती अशाने.

आणि दुसरं. 'आदिवासी निसर्गाशी एकरूप' वगैरे रोमँटिक वर्णनांची मला ॲलर्जी आहे. ज्यांच्या भिंतीवरच्या चित्रांचं इतकं कौतुक चाललंय त्यांच्याच पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकर येतो. एवढं पाण्याचं शहाणपण होतं तर ही वेळ का आली, असं मुलाने विचारलं तर काय सांगणार?

---

भूजलवाला

तर्कटराव, प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर शहाणपणात शोधू नका, दगडात शोधा. आणि नंतर नळात.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात वर्षाला सरासरी २५०० मिमीच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांत. उतार तीव्र, माती पातळ, खाली काळा कातळ. बेसाल्टमध्ये पाणी मुरतं ते भेगांमधून आणि खालच्या झिजलेल्या थरातून, वाळूसारखं भसाभस नाही. वर जंगल विरळ झालं की मुरायलाही वेळ मिळत नाही. पाऊस ऑक्टोबरपर्यंत समुद्रात पोचलेला असतो.

उरलेलं धरणांत. मुंबईला पाणी देणारे तलाव सात. विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीतले. बाकी तानसा, मोडकसागर, भातसा, अप्पर वैतरणा आणि मध्य वैतरणा हे पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागातले, वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या मुलखातले. तानसा १८९२ चं, मध्य वैतरणा २०१४ चं. दिवसाला सुमारे ३८०० दशलक्ष लिटर पाणी त्या बाजूने शहराकडे येतं. जलवाहिनी ज्यांच्या शेजारून जाते त्यांच्या घरात नळ असतोच असं नाही.

मुलाने विचारलं तर हे सांगा. दहा वर्षांच्या पोराला सहज कळतं. उलट मोठ्यांना अवघड जातं.

---

चिवचिवाट

वाचते आहे. माझं पिल्लू साडेचारचं आहे, त्याला टिड्डालिक सांगितला. आता तो आंघोळीच्या वेळी टबातलं सगळं पाणी पिऊन टाकायची धमकी देतो. 🙈

वाचनखूण साठवली आहे.

---

पाड्यावरचा

मी वारली आहे. इथे फार लिहीत नाही, पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

तर्कट म्हणतात त्यात तथ्य आहे. मे महिन्यात आमच्याकडे नदीच्या कोरड्या पात्रात डवरा खणतात. तळाशी जेमतेम पाणी पाझरतं. ते वाटीने हंड्यात भरायचं. आठ-दहा वाट्या झाल्या की थांबायचं, परत पाझरू द्यायचं. तोवर मागची बाई बसून राहते. मग तिचा नंबर. कोणी घाई केली, खोल हात घातला तर पाणी गढूळ होतं आणि सगळ्यांचाच खोळंबा होतो. हे मला कोणी गोष्ट सांगून शिकवलं नाही, आईबरोबर बसून शिकलो. मुलांना सांगायचं तर हे सांगा. आमच्या नाचाबरोबर हेही सांगा.

आता गोष्टींबद्दल. आमच्याकडे धरतरी म्हणजे धरतीमाता आहे, धान्याची देवी कणसरी आहे, पाऊस देणारा नारनदेव आहे. या सगळ्यांची नावं घेऊन गाणी म्हटली जातात, त्यांना वेळ असते, म्हणणारी माणसं ठरलेली असतात. लग्नातली गाणी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, म्हणते. लग्नचौक ही सजावट नाही. त्यात पालघाट देवी बसते. तो चौक मुलांकडून ग्रीटिंग कार्डावर काढून घेतलेला मी पाहिलाय, आणि त्या शाळेतल्या बाईंनी अगदी प्रेमाने दाखवला होता. काय बोलणार.

मासे, खेकडे, जाळं, शेत, तारपा (आमचं फुंकून वाजवायचं वाद्य), झाडं, हे काढा ना. त्याला कोणाची हरकत नाही. चौक सोडा. आणि चित्राखाली 'वारली शैली' एवढं लिहून भागत नाही, कुठल्या कलाकाराचं बघून काढलं त्याचं नाव लिहा. या चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालंय, पण पिशव्या आणि कप छापणाऱ्यांना त्याचं काही नसतं.

---

खडूफळा

पाड्यावरचा, वाटीवाटीने पाणी भरण्याचं वर्णन फार मोलाचं आहे. वर्गात करून बघता येईल. वाळू भरलेलं घमेलं, तळाशी थोडं पाणी, एक वाटी आणि रांग. कुणी घाईने हात घातला की काय होतं ते समोर दिसेल, मला तोंड उघडावं लागणार नाही.

मी शिक्षक आहे. माझी हुकमी गोष्ट म्हणजे नर्मदा आणि सोन. अमरकंटकच्या परिसरात, गोंड-बैगांच्या मुलखात ती सगळे सांगतात. नर्मदेचं लग्न सोनभद्राशी ठरतं. नवरा कसा आहे ते बघायला ती आपली दासी जोहिला हिला पाठवते. जोहिला नर्मदेचे दागिने घालून जाते, सोनभद्र तिलाच नवरी समजतो. नर्मदेला हे कळतं. ती रागाने पाठ फिरवते आणि उलट्या दिशेला चालू लागते, ती आजतागायत परतलेली नाही.

गोष्ट संपली की काही न बोलता नकाशा उलगडायचा. अमरकंटक शोधा. तिथून नर्मदा पश्चिमेला निघालेली. सोन दुसरीकडे, थेट पाटण्याच्या बाजूला गंगेला मिळायला. आणि जोहिला? बारीक निळी रेघ बोटाने धरून पोरं सरकत जातात आणि ओरडतात, "सर, जोहिला सोनलाच मिळाली!" त्या क्षणी वर्गात जे होतं त्यासाठी मी ही नोकरी करतो.

पाणलोट, उगम, उपनदी, जलविभाजक हे सगळं त्याच तासाला होऊन जातं. परीक्षेत 'पश्चिमवाहिनी नद्या' कुणी चुकत नाही.

---

भूजलवाला

+१. थोडी पुरवणी जोडतो. नर्मदा पश्चिमेला जाते कारण विंध्य आणि सातपुडा यांच्यामधला भाग खचून झालेल्या लांबट दरीतून ती वाहते. १३१२ किमी. मोठ्या मुलांना गोष्टीनंतर हे सांगावं. पण नंतर! आधी सांगितलं तर गोष्ट मरते. गोष्ट आधी झालेली असली तर खचदरीही लक्षात राहते.

---

तर्कट

नकाशाचं पटलं. हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर भूगोलात बरे मार्क पडले असते.

पण इथेच माझी दुसरी शंका. नर्मदा रागावली हे खरं की खचदरी खरी? मूल हे विचारणारच. "दोन्ही आपापल्या जागी खरं" असलं गुळमुळीत उत्तर मला चालणार नाही आणि माझ्या लेकीलाही नाही.

---

दूरदेशी

तर्कट, तुमच्या शंकेला सरळ उत्तर माझ्याकडे नाही, पण एक चित्र आहे.

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला ग्रेट सँडी डेझर्ट नावाचं वाळवंट आहे. तिथल्या मूळ रहिवाशांनी जमिनीवरच्या हक्काचा दावा लावला. न्यायाधिकरणापुढे इंग्रजीत बोलून आपली जमीन पटवून देणं त्यांना जमेना. मग १९९७ मध्ये चाळीसहून अधिक कलाकारांनी मिळून एक चित्र केलं, ८ बाय १० मीटरचं. नाव 'ङुरारा'. कॅनव्हास जमिनीवर पसरला आणि ज्याने त्याने आपापला पाणवठा रंगवला. वाळवंटात हक्क सांगायचा तो पाणवठ्यांवरून. कायम पाणी असलेल्या झऱ्यांना तिथे 'जिला' म्हणतात. न्यायाधिकरणाची माणसं वाळवंटात आली तेव्हा एकेक जण चित्रातल्या आपल्या पाणवठ्यावर जाऊन उभा राहिला आणि आपल्या भाषेत त्याची हकीकत सांगितली. कुणाचं कोण तिथलं, कुठल्या वाटेने यायचं, कुठला साप त्यात राहतो. २००७ साली त्यांचा हक्क मान्य झाला.

त्या झऱ्यातला साप खरा की खोटा, हे तिथे कुणी विचारलं नाही. त्याची हकीकत येणाऱ्याला झरा माहीत होता, एवढं पुरेसं होतं. ज्याला माहीत नव्हता तो त्या वाळवंटात मेला असता.

टिड्डालिकबद्दलही एक गंमत. तिकडे पाणी साठवणारा बेडूक खराच आहे. पाऊस पडला की मूत्राशयात पाणी भरून घेतो, जमिनीत गाडून घेतो आणि कोरडे महिने काढतो. आतल्या रुक्ष प्रदेशातले लोक अडीअडचणीला तो खणून काढत आणि त्याचं पाणी पीत. मात्र हा बेडूक गिप्सलँडच्या ओल्या भागातला नाही, तेव्हा याच्यावरूनच ती गोष्ट बेतली असं ठोकून देऊ नये. इंटरनेटवर सर्रास देतात.

---

खडूफळा

दूरदेशी, चित्रावर उभं राहून बोलायचं... हे मी उचलणार.

तर्कट, मी मुलांना सांगतो की खचदरी हे 'कसं' आणि गोष्ट हे 'कोण'. नदी पश्चिमेला कशी वळली याचं उत्तर दगड देतो. तिच्या काठी राहणाऱ्यांची ती कोण लागते, याचं उत्तर दगड देऊ शकत नाही. आठवीतल्या मुलांना हे पटतं. तुमच्या लेकीला पटलं नाही तर तिने मला इथे येऊन झापावं.

---

तर्कट

तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपल्या नळाचं पाणी आपलं कोण?" आता तुम्हीच निस्तरा.

---

पाणलोट

तिच्या प्रश्नावरूनच पुढे.

न्यूझीलंडमधल्या व्हांगानुई नदीकाठच्या माओरींमध्ये एक म्हण आहे, 'मी म्हणजे नदी आणि नदी म्हणजे मी'. नुसती म्हण नाही. त्या नदीवरच्या हक्कासाठी ते एकोणिसाव्या शतकापासून भांडत होते आणि २०१७ च्या कायद्याने नदीला, डोंगरापासून समुद्रापर्यंत सगळ्या पाण्यासकट, कायदेशीर व्यक्तीचा दर्जा मिळाला. तिच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमतात, एक माओरींनी सुचवलेला आणि एक सरकारने. मुलांसोबत हा खेळ झकास होतो : तू आज नदीचा माणूस. इथे कारखाना काढायचाय, नदीच्या वतीने बोल. आमच्याकडे एका पोराने "मला आधी सांगितलंच नाही!" एवढं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून समोरच्यांना हैराण केलं.

दुसरं उदाहरण कॅनडातलं. अनिशिनाबे लोकांत पाण्याची राखण ही बायकांची जबाबदारी मानतात. जोसेफीन मँडामिन या आजीबाई २००३ साली तांब्याच्या भांड्यात पाणी घेऊन सुपीरियर सरोवराभोवती चालायला निघाल्या. पुढे पाचही महासरोवरांभोवती चालून झालं. पाणी हातात असताना चाल थांबवायची नाही, थकलं की भांडं दुसरीच्या हाती द्यायचं. २०१९ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नात्यातल्या ऑटम पेल्टियरने तेराव्या वर्षी, २०१८ साली, संयुक्त राष्ट्रांच्या सभेत पाण्यावर भाषण केलं.

आणि तर्कटरावांच्या मुद्द्यासाठी : त्याच कॅनडात, एवढी सरोवरं उशाशी असताना, नेस्कंटागा नावाच्या आदिवासी वस्तीला १९९५ पासून वर्षानुवर्षं पाणी उकळूनच प्या अशी सूचना होती. मोखाड्याची गोष्ट मोखाड्यापुरती नाही.

जाता जाता, मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या भिलांचा हलमाही मुलांना सांगा. एकट्याला न झेपणारं काम निघालं की गाव बोलावणं धाडतं आणि लोक आपापली हत्यारं घेऊन फुकट राबायला येतात. हाथीपावाच्या डोंगरावर हजारो भिलांनी असेच चर खणले, पाणी मुरावं म्हणून.

---

कुंचला

भांडं हातोहात द्यायची कल्पना लहानांसाठी फार चांगली. काठोकाठ भरलेला तांब्या, मैदानाला एक फेरी, बोलायचं नाही. मुलं पाण्याकडे इतक्या वेळ एकटक बघतात असं एरवी कधी होतं?

पण एक विचारू का? आपण अनिशिनाबेंचं भांडं, वारलींचं जाळं, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी चित्रांची ठिपक्यांची नक्षी असं सगळं एका तासात कालवलं तर त्याचं काय होईल?

---

दूरदेशी

ठिपके नकोच. ती नक्षी दिसते सोपी, पण त्यातल्या बऱ्याच आकृत्या विशिष्ट कुळांच्या मालकीच्या असतात, कुणी काय रंगवायचं याचे नियम असतात. १९९४ साली तिथल्या फेडरल कोर्टात खटला गाजला होता. आदिवासी कलाकारांची चित्रं न विचारता गालिच्यांवर विणून विकली होती. कलाकारांचं दुःख नुसतं पैशाचं नव्हतं. पवित्र चित्रावर लोक पाय देऊन चालणार, आणि ते बाहेर जाऊ दिल्याबद्दल कुळातले वडीलधारे आपल्याला जाब विचारणार. कोर्टाने ही हानीही धरली.

गोष्टींनाही पथ्यं असतात. अनिशिनाबेंच्या काही गोष्टी बर्फ पडल्यावरच सांगायच्या असतात. तिथल्या लोकांनी स्वतः मुलांसाठी छापलेल्या, जाहीरपणे सांगितलेल्या गोष्टी घ्याव्या, म्हणजे प्रश्न मिटतो. टिड्डालिक त्यातलाच.

ङुराराची रीत घ्या, नक्षी घेऊ नका. मुलांनी आपापला पाणवठा आपापल्या पद्धतीने काढावा.

---

चिवचिवाट

फ्लॅटमधल्या मुलांना कुठला पाणवठा हो? टाकी?

---

भूजलवाला

टाकीच. तिथून सुरुवात करायची आणि मागे मागे जायचं. टाकीत कुठून, पाइपात कुठून, धरणात कुठून, धरणाआधी त्या जागी काय होतं. बहुतेक मुलं पाइपापाशी अडकतात. अडकू द्या. मग पालकांना विचारतील आणि पालकही अडकतील. 😀

---

रानजाई

केवढं दिलंत सगळ्यांनी! माझं असं ठरतंय.

सगळं एका दिवशी कालवणार नाही. एका वेळी एकच समाज, एकच गोष्ट. ते लोक कुठे राहतात ते नकाशावर दाखवायचं, आणि आज त्यांच्या पाण्याची काय स्थिती आहे हेही त्याच दिवशी सांगायचं. जुनी गोष्ट सांगून त्या माणसांना जुन्या काळात सोडून द्यायचं नाही. पाड्यावरचा यांचा डवरा आणि भूजलवाल्यांचे सात तलाव वारली चित्रांबरोबरच येतील. चौक काढणार नाही.

जमिनीवर मोठा कागद पसरून ज्याचा त्याचा पाणवठा, टाकीपासून मागे. झालं की त्यावर उभं राहून सांगायचं.

तर्कट, बादलीवरच्या खुणाही करू, त्यात माझा काही विरोध नाही. पण आकडा गोष्टीच्या दिवशी नको. आणि तुमच्या लेकीला पाठवाच, बेडूक व्हायला नाही, प्रश्न विचारायला.

'म्हणून मुलांनो' गिळायचा उपाय खडूफळा यांनी दिलाच आहे : तोंड बंद, नकाशा उघडा.

कुंचला, मोठ्या कागदावर पांढरा कसा टिकेल? पाड्यावरचा, वारली गोष्ट मी स्वतः सांगण्यापेक्षा कुणी कलाकार येऊन सांगेल का? मानधन देऊ, अर्थातच.

---

कुंचला

जाड तपकिरी कागद घे, त्यावर गेरूचा पातळ हात दे आणि पूर्ण वाळू दे. तांदळाचं पीठ अगदी वस्त्रगाळ हवं, नाहीतर काडीला गाठी येतात. पिठात थोडा डिंक घातला नाहीस तर वाळल्यावर पांढरा झडून जाईल, आणि पोरं त्यावर उभी राहणार आहेत म्हणतेस! उभं राहायच्या जागा आधीच रिकाम्या सोडायला सांग. बांबूची काडी मुलांना चावू देऊ नकोस, ठेचून दे.

---

पाड्यावरचा

येतील की. दोन-तीन जण माझ्या ओळखीचे आहेत, मुलांशी चांगलं बोलतात. व्यक्तिगत निरोप करा, नंबर देतो. मानधन आधी ठरवा, आणि ते चित्र काढतील त्याचं वेगळं धरा. बरेच जण कार्यशाळेचे पैसे देतात आणि चित्र ठेवून घेतात.

फक्त जून-जुलैत बोलावू नका, आवणी (भाताची लावणी) असते. तेव्हा कोणीच घरी सापडणार नाही. भातकापणी उरकली की बघा.

---

रानजाई

बरं, मग दिवाळीनंतरचं धरते. निरोप केलाय.